मुक्कामाचे गणित

कळसूबाईचा माथा १,६४६ मीटरवर आहे. महाराष्ट्रात याहून उंच जागा नाही. मनालीचा बाजार त्याच्याही चारशे मीटर वर भरतो आणि सायकलवर लेहला निघालेल्यांचा चढ तिथून सुरू होतो. पुण्या-नाशिकचे सायकलस्वार या वाटेसाठी महिनोन्‌महिने सिंहगड, पसरणी, कसारा पालथे घालतात. त्याने मांड्या भरतात, दमसास वाढतो, तासन्‌तास सीटवर बसायची सवय होते. विरळ हवेची सवय मात्र आपल्याकडच्या कुठल्याच घाटात होत नाही. ती तिकडे जाऊनच लावून घ्यावी लागते आणि तिच्यासाठी दिवस मोजून द्यावे लागतात.

वाटेत पाच खिंडी आहेत. ३,९७८ मीटरवरचा रोहतांग पहिला. मग सुमारे ४,८९० मीटरचा बारालाचा, ४,७४० च्या आसपासचा नकी, पाच हजारांच्या वरचा लाचुलुंग आणि शेवटी ५,३०० मीटरच्याही वर चढणारा तांगलांग. २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून लेहकडे जाणारी बहुतेक वाहने रोहतांग टाळतात, त्यामुळे खिंडीपलीकडचा जुना रस्ता सायकलवाल्यांना बराच मोकळा मिळतो. रस्ता लष्करी ट्रकना झेपेल असा बांधलेला असल्याने चढ लांबलचक असले तरी अंगावर येणारे नाहीत. सिंहगड एका दमात चढणाऱ्याला नुसता चढ पाहिला तर हे घाट सोपेच वाटतील.

अडचण हवेत आहे. तांगलांगवरही हवेत ऑक्सिजनचे प्रमाण समुद्रकिनाऱ्याइतकेच, म्हणजे सुमारे २१ टक्के असते. पण हवेचा दाब जवळपास निम्म्यावर आलेला असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात निम्माच ऑक्सिजन आत येतो. शरीर आधी श्वासाचा वेग वाढवते. त्याने कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्त अल्कधर्मी होते आणि ते सावरायला मूत्रपिंडांना दोन-चार दिवस लागतात. नव्या लाल पेशी तयार व्हायला तर आठवडे जातात. सुट्टी काढून आलेल्या सायकलस्वाराला तेवढी उसंत नसते. म्हणून त्याचा सगळा भरवसा पहिल्या काही दिवसांच्या संथपणावर असतो.

बारालाचा ओलांडून सरचूच्या पुढे गेले की गाटा लूप्सवर हा संथपणा जवळून पाहता येतो. एकवीस वळणे, साधारण दहा किलोमीटर आणि जवळपास पाचशे मीटरची चढाई. सायकल सगळ्यात हलक्या गिअरवर, वेग ताशी पाच-सहा किलोमीटर, मागच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंनी बॅगा. घरच्या घाटात पॅडलच्या दोन-तीन फेऱ्यांना एक श्वास पुरतो. इथे प्रत्येक फेरीला एक लागतो. बाटली तोंडाला लावून दोन घोट घ्यायचे म्हटले तरी श्वास क्षणभर रोखावा लागतो आणि मग अर्धा मिनिट धाप लागते. जाणते सायकलस्वार त्यासाठी पाय टेकवतात. वळणाच्या आतल्या अंगाला चढ एकदम उभा होतो, म्हणून ट्रक येत नाही हे पाहून ते बाहेरच्या कडेने वळतात. दम लागला की जोर लावून वेग टिकवायचा नाही, श्वास लयीत येईपर्यंत वेग उतरू द्यायचा. तिथे एकदा ऊर फुटेस्तोवर पॅडल मारले की पुढचा तासभर त्याची भरपाई करत बसावे लागते.

घड्याळाकडेही लक्ष ठेवावे लागते. उन्हाने बर्फ वितळते आणि दुपारनंतर रस्त्यावरून वाहणाऱ्या नाल्यांना पाणी चढते. सकाळी जिथून सायकल चालवत जाता येते, तिथे संध्याकाळी बर्फासारख्या पाण्यात बूट काढून उतरावे लागते.

तरीही या प्रवासाचा खरा निकाल लागतो तो मुक्कामावर. दिवसा कितीही उंच जा, झोपायची उंची तीन हजार मीटरच्या पुढे रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नका आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्या, असा डॉक्टरांचा नियम आहे. तो या रस्त्यावर बसवून पाहिला की पेच कळतो. केलाँग सुमारे ३,१०० मीटर, जिस्पा त्याहून थोडे वर. त्यानंतर बहुतेकांचा डोळा असतो तो झिंगझिंगबारच्या तंबूंवर. म्हणजे एका दिवसात हजार मीटरची उडी. मधे ३,८०० मीटरच्या आसपास पत्सेओ आहे. पायात ताकद आणि हातात अर्धा दिवस शिल्लक असताना तिथे थांबायचे, हा या वाटेवरचा सगळ्यात शहाणा आणि सगळ्यात अवघड निर्णय असतो.

कारण पुढे माघारीची सोय नाही. सरचूला डोके फुटायला लागले तर मागे बारालाचा आणि पुढे नकी. पांगला त्रास सुरू झाला तर मागे लाचुलुंग, पुढे तांगलांग. खाली जायचे म्हटले तरी आधी वर चढावे लागते. विरळ हवेच्या आजारावर उतरणे हाच खरा इलाज, आणि तोच इथे सहज हाती नसतो.

रात्री परीक्षा होते. झोपेत श्वास जोरात चालतो, मग काही सेकंद थांबतो आणि माणूस दचकून जागा होतो. या उंचीवर हे नेहमीचे आहे, त्याने घाबरून जायचे कारण नाही. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर सरचूला ऐंशी-पंच्याऐंशी दाखवतो. बोट गार असेल तर त्याचा आकडा चुकतोही. त्यापेक्षा साधे प्रश्न जास्त खरे बोलतात. डोके दुखते का? मळमळते का? जेवण जाते का? टाचेला पंजा लावत सरळ रेषेत चालता येते का? तोल जात असेल तर मेंदूला सूज आल्याची शंका घ्यायची. बसल्याजागी धाप लागत असेल आणि खोकला थांबत नसेल तर फुप्फुसात पाणी झाल्याची. दोन्ही जिवावर बेतू शकतात.

या आजारांचे मोठे ज्ञान आपल्याच सैनिकांकडून मिळाले आहे. १९६२ च्या युद्धात सखल भागातले जवान घाईने उंचावर पोहोचवावे लागले. लष्करी डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजारी पडलेल्या १,९२५ सैनिकांचा अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. जगभरच्या गिर्यारोहण वैद्यकात तो आजही आधाराला घेतला जातो. ते जवान तरुण होते, कसलेले होते. शरीर कमावलेले असले म्हणजे उंची बाधत नाही, हा समज तेव्हाच खोटा ठरला. दणकट सायकलस्वार तर जास्तच धोक्यात असतो, कारण शरीर रुळायच्या आत तो वर पोहोचू शकतो.

ॲसिटाझोलामाइडची गोळी मूत्रपिंडांच्या कामाला वेग देते. प्रतिबंधासाठी ती साधारणतः १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात. सल्फा औषधांची ॲलर्जी असलेल्यांनी डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे. गोळी मदत करते, पण मुक्काम वगळायची मुभा देत नाही. खाण्याचेही तसेच. भूक मरते, तरी खावे लागते. पांगला पाणी पंच्याऐंशी अंशांच्या आसपासच उकळते, म्हणून ढाब्यावर वरण-भाताला कुकरच लागतो. तो गरम भात दोन घास जास्त खाल्लेला पुढच्या खिंडीत उपयोगी पडतो.

लेहला सायकल न्यायचा बेत आखत असाल तर किलोमीटरच्या तक्त्यात प्रत्येक मुक्कामाच्या नावापुढे झोपायची उंची लिहा आणि दोन दिवस हातचे राखून ठेवा. जिस्पात किंवा पत्सेओला डोके दुखत असेल तर बारालाचा ओलांडू नका. आणि त्या पलीकडे कुणाचा तोल जाऊ लागला किंवा बसल्याजागी धाप लागली, तर सायकल तिथेच सोडा, मिळेल त्या वाहनाने त्याच रात्री त्याला खाली न्या.