सरस्वतीचा नकाशा आणि ॲल्युमिनियमची प्लेट

कार्तिकात रात्री आठच्या सुमारास रावेतच्या एखाद्या सोसायटीच्या गच्चीवरून दक्षिणेकडे, बरंच वर पाहिलं की मीन राशीचा भाग समोर येतो. हायवेच्या उजेडात तिथले तारेही धड दिसत नाहीत. त्याच दिशेला, सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षांवर, दीर्घिकांचा ‘सरस्वती’ हा महासमूह आहे. पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र केंद्रातले जॉयदीप बागची, सोमक रायचौधुरी, ‘आयसर’ या विज्ञानसंस्थेतले शिशिर सांख्यायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुलै २०१७ मध्ये त्याचा शोध जाहीर केला. लांबी सुमारे ६० कोटी प्रकाशवर्षं, त्यात दीर्घिकांचे किमान ४३ समूह आणि वस्तुमान २ कोटी अब्ज सूर्यांइतकं.

एवढं मोठं काही असूनही ते आधी लक्षात आलं नव्हतं, कारण फोटोत सगळ्या दीर्घिका एकाच पडद्यावर असल्यासारख्या दिसतात. कोणती पुढे, कोणती मागे, हे कळायला प्रत्येकीचा वर्णपट घ्यावा लागतो. हे काम ‘स्लोन’ या आकाश-सर्वेक्षणाने केलं, आणि ज्या साधनाने केलं त्याचं कौतुक चाकण-भोसरीच्या वर्कशॉपमधल्या माणसाला सर्वांत जास्त वाटेल. साधन म्हणजे ॲल्युमिनियमची गोल प्लेट, ८० सेंटिमीटर व्यासाची, तीन मिलिमीटरच्या आसपास जाडीची. आकाशाच्या त्या तुकड्यात दीर्घिका जिथे असेल, बरोबर तिथे प्लेटवर एक भोक. सुरुवातीला एका प्लेटवर ६४०, पुढे १०००. ड्रिल करताना प्लेट फिक्स्चरवर मुद्दाम किंचित वाकवून धरायची, म्हणजे दुर्बिणीत बसल्यावर प्रत्येक भोक येणाऱ्या प्रकाशाच्या रेषेत राहतं. मग माणसं दिवसा हाताने एकेका भोकात ऑप्टिकल फायबर खोवायची आणि रात्री न्यू मेक्सिकोतली अडीच मीटरची दुर्बीण त्या सगळ्या दीर्घिकांचा प्रकाश एकदम टिपायची. मला हे काम कुठल्याही समीकरणाइतकंच थोर वाटतं.

वर्णपटात कॅल्शियमच्या दोन काळ्या रेषा शोधायच्या. प्रयोगशाळेत त्या ३९३ आणि ३९७ नॅनोमीटरला, जांभळ्या टोकाशी असतात. सरस्वतीतल्या दीर्घिकांत त्या ५०४ आणि ५०८ला, म्हणजे हिरव्यात सरकलेल्या सापडतात. ही २८ टक्क्यांची ताम्रसृती. विश्व प्रसरण पावतंय, त्यामुळे दीर्घिका जितकी दूर तितकी ती जास्त; म्हणून तिच्यावरून अंतर निघतं.

पण ताम्रसृती नुसतं अंतर सांगत नाही. समूहातल्या दीर्घिका गुरुत्वाकर्षणामुळे सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने इकडेतिकडे धावत असतात आणि तो वेगही ताम्रसृतीत मिसळतो. त्यामुळे नकाशात समूह आपल्या दिशेने लांबुळका ओढल्यासारखा दिसतो. नकाशाच्या दृष्टीने हा दोषच, पण वेगांच्या याच पसाऱ्यावरून समूहाचं वजन काढता येतं. फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३३ मध्ये कोमा समूहात असंच वजन काढलं आणि दिसणाऱ्या ताऱ्यांत ते बसेना. कृष्णद्रव्याची चाहूल लागली ती तिथे. त्याच झ्विकींच्या यादीतला एक समूह सरस्वतीतही आहे.

रायचौधुरींसाठी हा प्रांत जुना. केंब्रिजला पीएच.डी. करताना, १९८९ मध्ये, त्यांनी शॅप्ली महासमूह दाखवून दिला होता. आपली आकाशगंगा आणि तिचे शेजारी सेकंदाला सुमारे ६०० किलोमीटर वेगाने चालले आहेत, त्यामागच्या ओढीत त्या महासमूहाचाही वाटा आहे.

सरस्वतीचा गाभा ‘अबेल २६३१’ या समूहाभोवती आहे आणि हिशोबाप्रमाणे तो गुरुत्वाकर्षणाने बांधलेला आहे. टोकांकडच्या समूहांवर मात्र विश्वाच्या प्रसरणाचा जोर चालतो. गाभ्याची पकड नेमकी कुठवर पोचते हे ठरवायला त्या भागातल्या आणखी अंधूक दीर्घिकांचे वर्णपट लागतील, आणि तेही प्रत्येकीचे वेगवेगळे मोजावे लागतील.