बासरी वयाने नव्हे, हयगयीने फुटते

चंदगड तालुक्यात मृगाच्या सरी सुरू झाल्या की दसऱ्यापर्यंत घरातली कोणतीच वस्तू धड कोरडी राहत नाही. कपड्यांना कुबट वास येतो, चपलांवर पांढरी बुरशी चढते, ढोलकीची पुडी उतरते. भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली मुलाची बासरीही त्याच हवेत भिजत असते. पण तिचे दुखणे कोणाच्या ध्यानात येत नाही. पुढे माघ-फाल्गुनात कोरडे वारे सुटले की एखाद्या रात्री 'टक्' असा आवाज होतो आणि सकाळी तिच्या अंगावर केसाएवढी उभी भेग दिसते. घरातली मोठी माणसे म्हणतात, "जाऊ दे, जुनी झाली होती."

हे म्हणणे खरे नाही. बांबू वयाने फुटत नाही. जपानमध्ये नारा येथे शोसोइन नावाचे प्राचीन भांडार आहे. तेथे आठव्या शतकातल्या आठ शाकुहाची आजही जतन केलेल्या आहेत आणि त्यांतल्या काही बांबूच्या आहेत. बाराशे वर्षे बांबू टिकू शकतो, तर आपल्या घरातली बासरी दोन वर्षांत का जावी, याचा विचार प्रत्येक आईवडिलांनी करावा असा आहे. कारण नवी बासरी येईपर्यंत मुलाचा रियाज थांबतो, आणि थांबलेला रियाज पुन्हा सुरू होतोच असे नाही.

शाकुहाची म्हणजे काय?

शाकुहाची ही जपानची उभी बासरी. आपल्या पाव्यासारखी ती उभी धरतात; पण पाव्याच्या तोंडात बसवलेली खुंटी हिला नसते. वरची कड तिरकी कापलेली असते आणि त्या कडेवर फुंकर मारून स्वर काढावा लागतो. पुढे चार आणि मागे अंगठ्यासाठी एक अशी पाचच छिद्रे. जपानी मापाने तिची नेहमीची लांबी एक शाकु आठ सून, म्हणजे सुमारे ५४.५ सेंटिमीटर; त्यावरूनच हे नाव पडले. ती बांबूच्या मुळाकडच्या भागातून करतात, म्हणून खालचे टोक जाड व गाठींचे दिसते.

आपल्या वाचकांना जिव्हाळ्याची वाटावी अशी एक गोष्ट म्हणजे या वाद्याचे बौद्ध धम्माशी असलेले नाते. झेन परंपरेतल्या फुके पंथाचे कोमुसो नावाचे साधक चेहरा झाकणारी, टोपलीसारखी विणलेली टोपी घालून शाकुहाची वाजवीत भिक्षाटन करीत. त्यांच्या लेखी ते करमणुकीचे वाद्य नव्हते, धम्मसाधनेचे उपकरण होते. आनापानसतीत आपण श्वासावर लक्ष ठेवतो. तसे ते फुंकेवर ठेवीत. मात्र याला दुसरी बाजूही होती. तोकुगावा राजवटीत हा पंथ सामुराई वर्गातून आलेल्यांचाच होता आणि नियमाने शाकुहाची वाजविण्याचा अधिकारही त्यांनाच होता. १८७१ मध्ये मेइजी सरकारने फुके पंथ बंद केला आणि ती मक्तेदारी संपली. त्यानंतर हे वाद्य उघडपणे सर्वसामान्यांच्या हाती आले.

१९७७ मध्ये अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अंतराळात सोडली. त्यांच्याबरोबर पृथ्वीवरच्या संगीताची तबकडी पाठविली आहे. तिच्यात गोरो यामागुची यांचे शाकुहाचीवादन आहे आणि आपल्या घाटापलीकडच्या गोव्यात, केरी गावी जन्मलेल्या केसरबाई केरकर यांचे गाणेही आहे. बांबूच्या साध्या नळीचे मोल एवढे मोठे आहे.

बांबू का फुटतो?

तोडून वाळवलेला बांबू हवेतला ओलावा शोषतो आणि सोडतो. ओलावा घेतला की तो फुगतो, सोडला की आकसतो. त्याचे तंतू लांबीच्या दिशेने असल्यामुळे हे फुगणे-आकसणे लांबीत जवळजवळ नसतेच. ते घेरात होते. म्हणून भेग नेहमी उभीच जाते.

त्यात बांबूची बाहेरची साल गुळगुळीत व घट्ट असते, ती पाणी सहसा आत घेत नाही. आतली बाजू मात्र मऊ असते. आपण वाजवतो तेव्हा श्वासाची वाफ आत साचते, आतला भाग फुगू पाहतो आणि बाहेरची साल त्याला जागा देत नाही. वाजवून झाल्यावर ती तशीच ओली उन्हात किंवा चुलीजवळ ठेवली, तर उलट ताण पडतो. नुसती ओल किंवा नुसते ऊन जेवढे घात करत नाही, तेवढा एकातून दुसऱ्यात झटकन जाण्याने होतो. तालुक्याच्या पश्चिमेला, पारगड-तिलारीच्या बाजूला पाऊस फार. पूर्वेला कोवाडकडे त्या मानाने कमी. घाटाकडची बासरी एकदम कोरड्या मुलुखात नेली तरी तिला हा फरक बाधतो.

परसातला दुसरा बांबू तोडून नवी करू म्हणावे, तर तेही सोपे नाही. आपल्याकडचा माणगा जवळजवळ भरीव असतो. तो वाशांना, कुंपणाला उत्तम, बासरीला निरुपयोगी. बासरीला लांब पेराचा, पातळ भिंतीचा बांबू लागतो. तो मुख्यतः आसामकडून येतो आणि उत्तर प्रदेशातल्या पिलीभीतसारख्या गावांत त्याच्या बासऱ्या होतात. म्हणून हातात आहे ती सांभाळणे हेच शहाणपण.

जपानी कारागिरांची रीत

जपानी कारागीर हिवाळ्यात बांबू मुळासकट खणून काढतात. निखाऱ्यावर शेकून त्यातला तेलकट अंश काढतात, हिरवा रंग जाऊन पिवळा येईपर्यंत उन्हात ठेवतात आणि मग काही वर्षे सावलीत मुरू देतात. घाई करीत नाहीत. आजच्या बहुतेक शाकुहाचींना आतून उरुशी नावाच्या झाडाच्या चिकाचा लेप देतात. त्यामुळे श्वासाची ओल बांबूत मुरत नाही.

हे उरुशीचे झाड आपल्या काजू, आंबा आणि बिब्ब्याच्या कुळातले आहे. काजूच्या कारखान्यात काम करणाऱ्या आपल्या भगिनींचे हात टरफलाच्या तेलाने भाजतात, तसेच उरुशीचा कच्चा चीक लागला की कातडीवर फोड येतात. याच काजूच्या टरफलाच्या तेलापासून केलेला रंग जपानमध्ये उरुशीला पर्याय म्हणून वापरला जातो. आणखी नवल म्हणजे उरुशीचा लेप कोरड्या हवेत नीट वाळत नाही. तो कडक होण्यासाठी दमट हवाच लागते.

वाजवून झाल्यावर शाकुहाचीतून दोरीला बांधलेले फडके ओढून घेतात. त्याला त्सुयुतोशी, म्हणजे दव टिपणारे फडके म्हणतात. चांगली शाकुहाची लाखाच्या घरात जाते, तिला ही निगा लागते. तीच निगा काही शे रुपयांच्या आपल्या बासरीलाही लागते.

आपल्या घरातली निगा

रोज: वाजविण्याआधी चूळ भरावी. तंबाखू, पान, गोड पदार्थ तोंडात असताना फुंकू नये. त्याचा अंश आत राहून बुरशी धरते. वाजवून झाल्यावर काडीला मऊ सुती चिंधी गुंडाळून आतून अलगद पुसावे. बासरीचे एक टोक बुचाने बंद असते, त्या बुचाला धक्का लागू देऊ नये. मग ती लगेच पिशवीत न कोंबता थोडा वेळ सावलीत आडवी ठेवावी. पाण्याने धुऊ नये.

पावसाळ्यात: बासरी बाहेरच्या भिंतीला टांगू नये, ती भिंत ओल धरते. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करू नये, सुती पिशवीत ठेवावी. आठवड्यातून एकदा तरी बाहेर काढून वारा द्यावा व वाजवावी. बुरशी दिसली तर कोरड्या फडक्याने पुसून दोन दिवस सावलीत ठेवावी. अंगावर बारीक छिद्रे पडून पिठासारखी भुकटी गळू लागली, तर तो किडा आहे. ती बासरी इतर वाद्यांपासून लगेच वेगळी करावी.

उन्हाळ्यात: आता उलटे करावे. सुती पिशवीवर प्लॅस्टिकची सैल पिशवी चढवावी, म्हणजे ओलावा एकदम उडत नाही. पत्र्याखालचा माळा, चुलीची भिंत, एसटीची उन्हातली खिडकी आणि मोटारसायकलची डिकी या चार जागा टाळाव्यात.

तेल: पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा, मोहरीच्या किंवा जवसाच्या तेलाचे चार थेंब चिंधीवर घेऊन आतबाहेर पुसावे व काही तासांनी जास्तीचे तेल टिपून घ्यावे. शेंगतेल चिकट राहून धूळ धरते. आतून लेप दिलेल्या वाद्यात तेल घालू नये. जवसाच्या तेलाची चिंधी बोळा करून टाकू नये. ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. पसरून वाळवावी.

भेग गेलीच तर

खालचे स्वर वारा गळाल्यासारखे येऊ लागले की भेग शोधावी. बारीक भेग असल्यास फेविक्विकसारखा पातळ गोंद तिच्यात थेंबाथेंबाने मुरवावा आणि पूर्ण वाळल्यावर भेगेच्या दोन्ही बाजूंना मजबूत दोरा शेजारीशेजारी घट्ट गुंडाळावा. गोंद वाळेपर्यंत ओठ लावू नयेत आणि हे काम मोठ्या माणसाने करावे. भेग फुंकेच्या किंवा बोटाच्या छिद्रातून गेली असेल, तर जाणकाराला दाखवावी. ज्या बासरीवर मुळातच दोरा गुंडाळलेला आहे, तिचा दोरा उन्हाळ्यात सैल होतो. तो वेळीच नव्याने आवळला तर पुष्कळदा भेग टळते.

बंधू-भगिनींनो, यात खर्च फारसा नाही. जुन्या धोतराची चिंधी, थोडे तेल, दोऱ्याची रीळ आणि रोजची दोन मिनिटे एवढेच लागते. रोजंदारीच्या पैशातून मुलाला किंवा मुलीला बासरी घेऊन देताना तिच्याबरोबर ही चिंधीही हातात द्यावी, आणि पहिले काही दिवस पुसण्याचे काम त्याच्या, तिच्या शेजारी बसून करून घ्यावे.