आच मोजायची कशी? प्रोग्रॅमेबल हॉट एअर स्टेशन आणि पुन्हापुन्हा तशीच जमणारी दुरुस्ती

मागच्या व्याख्यानात आपण सर्किट बोर्ड कसा तयार होतो ते पाहिलं. नंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. कारखान्यात मशीनने इतका नेमका बसवलेला भाग बिघडला, तर तो टेबलावर बसून बदलता येतो का? आणि बदलला, तर टिकतो का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, हो, येतो. दुसऱ्या प्रश्नासाठी आजचा तास आहे.

सुरुवात कल्हईवाल्यापासून करू. ज्यांनी लहानपणी दारावर आलेला कल्हईवाला पाहिलाय, त्यांनी सोल्डरिंगचं अर्धं शास्त्र पाहिलेलं आहे. जमिनीत छोटा खड्डा, त्यात कोळसे, आणि भात्याची हवा. पितळेचं भांडं तापलं की नवसागराची पूड टाकायची, कथील टेकवायचं, आणि कापसाच्या बोळ्याने सगळीकडे फिरवायचं. नवसागर धातूवरचा ऑक्साइडचा थर काढतो. आज आपण ज्याला फ्लक्स म्हणतो त्याचंच हे काम. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. आच कमी पडली तर ते नीट पसरत नाही, जास्त झाली तर काळं पडतं. हे सगळं तो माणूस डोळ्याने ओळखायचा.

मग सर्किट बोर्डालाही डोळ्याने आच ओळखून डाख दिला तर काय बिघडलं? दोन गोष्टी बिघडतात. कल्हईची चूक लगेच दिसते आणि भांडं पुन्हा तापवता येतं. बोर्डावरची चूक बऱ्याचदा चिपच्या पोटाखाली असते, ती दिसतच नाही. आणि भांडं एका धातूचं असतं. बोर्डात मात्र तांबं, काचतंतू, राळ, सिलिकॉन आणि प्लॅस्टिक हे सगळे एकाच ताटात असतात, आणि प्रत्येकाची सोसण्याची हद्द वेगळी.

आता आकडे बघू, घाबरू नका, थोडेच आहेत. जुना डाख म्हणजे ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं. हे मिश्रण बरोबर १८३ अंशांना वितळतं. शिसं विषारी, म्हणून युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून नव्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंत त्यावर मर्यादा घातली. आपल्याकडच्या २०११ च्या ई-कचरा नियमांतही ती मर्यादा आली. आज सर्रास वापरतात ते लेड-फ्री मिश्रण म्हणजे ९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी आणि अर्धा टक्का तांबं. ते २१७ अंशांच्या आसपास वितळू लागतं. सांधा नीट भिजायला तापमान साधारण २३५ ते २४५ पर्यंत न्यावं लागतं. आणि चिपची हद्द? बहुतेक लेड-फ्री भागांची २४५ ते २६० च्या दरम्यान, नेमका आकडा त्या भागाच्या डेटाशीटमध्ये असतो. म्हणजे 'सांधा झाला' आणि 'चिप गेली' यांच्यात पंधरा-वीस अंशांचीच गल्ली उरते. शिशाच्या काळात ही गल्ली चांगली रुंद होती. तेव्हा अंदाजाने चालणाऱ्यांचं निभावून जायचं, आता जात नाही.

हॉट एअर कशासाठी, हेही सांगायला हवं. सोल्डरिंग आयर्नचं टोक पिनला टेकवता येतं. पण आजच्या पुष्कळ चिपना बाहेर आलेल्या पिनाच नसतात. सांधे पोटाखाली असतात, कुठे चपट्या पॅडचे, कुठे डाखाच्या बारीक गोळ्यांचे. तिथे टोक पोचत नाही, गरम हवाच पोचते. म्हणजे पुन्हा भाताच आला!

आता आमचीच एक फजिती सांगतो. एका लहान कारखान्याने आमच्याकडे आठ कंट्रोल कार्डं दुरुस्तीला दिली. सगळी एकसारखी, सगळ्यांवर मोटर चालवणारी तीच चिप गेलेली. या चिपच्या पोटाखाली मोठं पॅड असतं. चिपची उष्णता त्यातूनच बोर्डाच्या तांब्यात उतरते. आम्ही दोघांनी दोन दिवसांत हॉट एअर गनने आठही चिपा बदलल्या. टेबलावर आठही कार्डं चालली. आम्ही खूश, मालक खूश.

दीड महिन्यात तीन कार्डं परत आली. चिप उचलून पाहिली तर कडेचे सांधे छान चमकत होते, पण पोटाखालच्या पॅडवर डाख अर्धामुर्धाच वितळलेला. टेबलावर लोड नव्हता म्हणून चिप तापली नाही. मशीनवर तासन्‌तास चालली आणि गेली. मालक रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "उरलेल्या पाचांचं काय?" आणि आमच्याकडे उत्तर नव्हतं. कुठलं कार्ड कुणी केलं, किती वेळ हवा दिली, बोर्ड किती तापला, कशाचीच नोंद नव्हती. तीन कार्डं खराब निघण्यापेक्षा ही गोष्ट आम्हाला जास्त लागली. पाचही कार्डं परत मागवली आणि आमच्या खर्चाने पुन्हा केली.

पुन्हा करण्याआधी एका भंगार कार्डावर प्रयोग केला. चिपच्या पॅडखालून बारीक भोक पाडून त्यात थर्मोकपल बसवलं. थर्मोकपल म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारांची गाठ. तापमानाप्रमाणे तिच्यात अगदी थोडा व्होल्टेज तयार होतो, तो मोजायचा. गनच्या डिस्प्लेवर ३५० ठेवले. पंखा बंद असताना पॅड वितळायच्या तापमानाला पोचलं. डोक्यावरचा पंखा लावला, आकडा ३५० च, पण पॅड २१७ ला पोचलंच नाही. नोझल बोटभर वर धरलं, तरी तेच. आणि खरं सांगायचं तर त्या दोन दिवसांत पंखा कधी चालू होता, कधी बंद. ज्याला गरम व्हायचं तो लावायचा!

इथे आजची मुख्य गोष्ट येते. डिस्प्लेवरचा आकडा हवेचा असतो, तोही गनच्या आत, हीटरजवळचा. बोर्डाचं तापमान त्यातून कळत नाही. हवा नोझलमधून बाहेर पडली की थंड होऊ लागते. पुढे किती उष्णता सांध्यापर्यंत पोचेल हे चार गोष्टींवर ठरतं : नोझलचा आकार, अंतर, हवेचा जोर, आणि खाली किती तांबं आहे. तांबं उष्णता फार झपाट्याने पसरवतं. मोठ्या ग्राउंड प्लेनवरचा सांधा तापवणं म्हणजे पातेल्याच्या एका कडेला काडी धरून मधलं पाणी उकळायची वाट बघणं.

मग प्रोग्रॅमेबल स्टेशन नेमकं काय करतं? साधी गन एका तापमानाला अडकवलेली असते. प्रोग्रॅमेबल स्टेशनला आपण तापमानाचा प्रवासच लिहून देतो : इतके सेकंद इतके अंश, हवेचा जोर इतका, मग पुढचा टप्पा. या प्रवासाला प्रोफाइल म्हणतात. त्याचे चार टप्पे असतात.

पहिला, तापवणं. बोर्डाचं तापमान सेकंदाला एक ते तीन अंश या चालीने वाढवायचं. घाई केली तर सिरॅमिक कॅपॅसिटरना तडे जातात, बोर्ड वाकतो. दुसरा, मुरवणं. लेड-फ्रीसाठी साधारण १५० ते २०० अंशांमध्ये एक-दीड मिनिट रेंगाळायचं. फ्लक्स जागा होतो, ऑक्साइड काढतो, आणि जाड-बारीक सगळे भाग एका तापमानाला येतात. भात शिजवताना आच मंद करून वाफ मुरू देतो ना, तसंच. तिसरा, वितळवणं. २१७ च्या वर साधारण अर्धं ते दीड मिनिट राहायचं, शिखर २३५ ते २४५. इथे कथील आणि तांबं मिळून एक पातळ संयुग तयार होतं, खरा सांधा तोच. वेळ कमी पडला तर तो बनत नाही. जास्त रेंगाळलो तर थर जाड आणि ठिसूळ होतो. चौथा, थंड करणं. हवा आपोआप गार होऊ द्यायची. फुंकर घालायची नाही, बोर्ड हलवायचा तर मुळीच नाही.

यासोबत खालून तापवणारा प्री-हीटर हवाच. आधी सबंध बोर्ड हळूहळू तापवला की वरच्या हवेला शेवटचा थोडाच पल्ला गाठायचा उरतो. मग एका जागी ४०० अंशांचा मारा करावा लागत नाही, आणि शेजारचे प्लॅस्टिक कनेक्टर वाचतात.

आता एक सावधगिरी. स्टेशन प्रोग्रॅमेबल आहे म्हणून काम आपोआप सारखं होईल असं समजू नका. नुसतं वेळ आणि तापमान पाळणारं स्टेशन दर वेळी सारखी *हवा* देतं. बोर्ड सारखा *तापला* की नाही हे त्याला कळत नाही. त्यासाठी बाहेरचं थर्मोकपल जोडायची सोय असलेलं स्टेशन घ्यावं. ते बोर्डावरचं तापमान बघत हीटर कमी-जास्त करतं. अशी सोय नसेल तर बाकीचं सगळं आपण सारखं ठेवायचं. गन हातात न धरता स्टँडला लावा, अंतर ठरलेलं ठेवा, नोझल तेच, पंखा बंद, आणि सुरुवातीला बोर्ड खोलीच्या तापमानाला.

आमची आजची पद्धत अशी. नव्या प्रकारचं कार्ड आलं की त्याच प्रकारचं एक भंगार कार्ड मिळवतो. तीन थर्मोकपल लावतो : एक सांध्याजवळ, एक चिपच्या पाठीवर, एक शेजारच्या सगळ्यात नाजूक भागावर. ती उष्णता सोसणाऱ्या पॉलिइमाइड टेपने चिकटवतो. दोन-तीनदा चालवून आलेख बसतो. मग ते प्रोफाइल नाव देऊन साठवतो, आणि प्रत्येक कार्डाच्या कागदावर प्रोफाइलचं नाव, तारीख आणि करणाऱ्याचं नाव लिहितो. आज कुणी "उरलेल्या पाचांचं काय?" विचारलं, तर वही उघडून दाखवता येतं.

आपल्या हवेबद्दलही बोलायला हवं. प्लॅस्टिकच्या आवरणातल्या चिपा हवेतला ओलावा शोषतात. मुंबई-कोकणात पावसाळ्यात पाकीट उघडं राहिलं तर फारच. एकदम २४० अंश दिले की आतल्या पाण्याची वाफ होते आणि आवरण आतून फाटतं. कारखान्यात याला 'पॉपकॉर्न' म्हणतात, आवाजही तसाच येतो. पाकिटावर ओलाव्याची पातळी लिहिलेली असते. पातळी ३ ची चिप पाकिटातून काढल्यावर ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेपर्यंतच्या खोलीत १६८ तासांत वापरायची असते. आमच्याकडे जुलैत ६० टक्के आर्द्रता एसीशिवाय विसरा. म्हणून शंका आली की चिप आणि बोर्ड आधी ओव्हनमध्ये कमी तापमानाला सुकवून घ्यायचे. जगातलं उत्तम प्रोफाइलही ओल्या चिपला वाचवत नाही.

आता श्रोत्यांचे दोन प्रश्न घेऊ.

पहिला प्रश्न : "जुन्या शिशाच्या बोर्डाला हेच प्रोफाइल चालेल का?" नाही चालणार. तिथे शिखर २१० ते २२० पुरतं, आणि जुन्या भागांना २४५ सोसेलच असं नाही. दोन्ही डाख एका सांध्यात मिसळू नका. जुना डाख शोषून पॅड साफ करा आणि मगच नवा द्या.

दुसरा प्रश्न मागच्या रांगेतल्या एका काकांचा आहे : "आम्ही तीस वर्षं हाताने काम केलं. मशीनच सगळं लक्षात ठेवणार, तर कारागिराचं काय उरलं?"

काका, प्रश्न रास्त आहे, आम्हालाही पडला होता. पण थर्मोकपल कुठे लावायचं, कुठला भाग आधी झाकायचा, फ्लक्स किती, आलेख बघून काय बदलायचं, हे मशीन ठरवत नाही. ते तुमच्या तीस वर्षांतूनच येतं. फरक एवढाच की आजवर ते तुमच्या हातात होतं आणि तुमच्याबरोबरच जाणार होतं. आता ते लिहून ठेवता येतं. आमच्याकडे शिकायला आलेली मुलगी दुसऱ्या महिन्यात त्या आठ कार्डांसारखंच कार्ड व्यवस्थित करू लागली, कारण आमच्या चुका आधीच प्रोफाइलमध्ये दुरुस्त झालेल्या होत्या. कल्हईवाल्याची नजर अशी कुणी लिहून ठेवली नाही. तो गेला, तशी ती नजरही गेली.

पुढच्या वेळी येताना घरातलं एखादं बंद पडलेलं कार्ड घेऊन या. इथेच थर्मोकपल लावू आणि आलेख काढून बघू. धूर बाहेर काढणारा पंखा आम्ही आणतो, तो मात्र बोर्डाकडे तोंड करून लावायचा नाही, एवढं लक्षात असू द्या.