खिशातले गाणे – भाग ११ : शिकणाऱ्या मुलाचा प्लेअर

गाणे नुसते ऐकणाऱ्याला पुढचे गाणे हवे असते, शिकणाऱ्याला तीच ओळ पुन्हा हवी असते. बाजारात मिळणारे बहुतेक खिशात मावणारे प्लेअर पहिल्याच्या सोयीने बनवलेले असतात. ‘पुढे’ जाण्याचे बटण मोठे आणि हाताशी, तर मागे पाच सेकंद जायचे म्हटले की बटण किती वेळ दाबून ठेवायचे याचा अंदाज घेत बसावे लागते. लहान मुलासाठी प्लेअर निवडताना क्षमता, रंग आणि किंमत या तीन गोष्टींची चौकशी सगळे करतात. तो मागे कसा जातो, हे क्वचितच कोणी विचारते.

हेडफोनचा राहिलेला भाग या वेळी पुरा करायचा होता, तो पुढच्या आठवड्यावर ढकलला आहे. कोथरूडच्या एका आजींचे पत्र त्याला कारण झाले. नऊ वर्षांची नात गायनाच्या क्लासला जाते, यंदा गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या ‘प्रारंभिक’ परीक्षेला बसणार आहे, घरी रियाजासाठी तिला स्वतःचे काहीतरी घेऊन द्यायचे आहे आणि मोबाइल मात्र हातात द्यायचा नाही, तर काय घ्यावे, असे त्यांनी विचारले आहे. पेठांपासून सिंहगड रस्त्यापर्यंत गाण्याचे क्लास भरलेल्या या शहरात हा प्रश्न अनेक घरांत असणार, म्हणून हा सबंध भाग त्यालाच.

कॅसेटच्या काळात हा प्रश्न अर्धा आपोआप सुटलेला होता. सोनीचा पहिला वॉकमन १ जुलै १९७९ रोजी जपानात विक्रीला आला. भारतात पुढची वीस वर्षे तो आणि त्याच्या धर्तीची स्वस्त यंत्रे चालली. पुण्याच्याच अलूरकर म्युझिक हाउसने काढलेल्या शास्त्रीय संगीताच्या कॅसेटवर कितीतरी विद्यार्थ्यांचे कान तयार झाले. कॅसेट जिथे थांबवली तिथेच थांबून राही. दुसऱ्या दिवशी ‘प्ले’ दाबले की तीच तान पुढे सुरू. रिवाइंडचे बटण किती वेळ दाबले की मुखडा परत येतो, हे मुलांच्या बोटांना आठवड्याभरात कळत असे.

कॅसेटचा दोष मात्र शिकणाऱ्याच्या मुळावर येणारा होता. फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने सरकणे अपेक्षित असते. मोटर जुनी झाली, सेल उतरले किंवा पट्टा सैल पडला की हा वेग बदलतो आणि वेगाबरोबर पट्टीही बदलते. वेगात सुमारे सहा टक्के फरक पडला की स्वर एका अर्धस्वराने सरकतो. काळी एकमध्ये ध्वनिमुद्रित केलेले गाणे जलद फिरणाऱ्या यंत्रावर पांढरी दोनमध्ये वाजते. घरचा टेपरेकॉर्डर आणि क्लासमधली पेटी यांचे न जुळण्याचे कारण बरेचदा हे असे, आणि बोल मात्र मुलीला बसत: ‘घरी काय बेसूर म्हणून आलीस?’

डिजिटल प्लेअरने हा दोष मुळापासून काढला. स्वस्तातल्या स्वस्त एम्पीथ्री यंत्राचाही वेग क्वार्ट्झ स्फटिकावर बांधलेला असतो, त्यामुळे पट्टी हलत नाही. शिवाय चांगल्या यंत्रांत पट्टी तीच ठेवून लय कमी करता येते, म्हणजे द्रुत लयीतली तान मूळ स्वरातच सावकाश ऐकता येते. जुन्या विद्यार्थ्यांना हे मिळते तर त्यांची वर्षे वाचली असती.

याहून मोलाची सोय म्हणजे ए-बी रिपीट. ओळ सुरू होताना बटण एकदा दाबायचे, संपताना पुन्हा दाबायचे. तेवढाच तुकडा थांबवेपर्यंत फिरत राहतो. करायला इतके सोपे, पण खुणा कुठे लावायच्या याला थोडी समज लागते. मध्यलय तीनतालातली बंदिश घ्या. लय मिनिटाला १२० मात्रांची असेल तर सोळा मात्रांचे आवर्तन बरोबर आठ सेकंदांचे होते. तुकडा साडेसात सेकंदांचा कापला गेला तर प्रत्येक फेरीला ठेका एक मात्रा खातो आणि मुलाच्या कानात लय मोडूनच बसते. म्हणून समेपासून समेपर्यंत, नाहीतर मुखडा जिथून उठतो तिथपासून पुढच्या आवर्तनातल्या त्याच जागेपर्यंत खुणा लावाव्यात. तीनतालातल्या पुष्कळ बंदिशी खालीपासून, नवव्या मात्रेवरून उठतात. तिथे पहिली खूणही नवव्या मात्रेवर आणि दुसरीही पुढच्या नवव्याच मात्रेवर. सुरुवातीला हे काम मोठ्यांनी टाळी-खाली धरून करून द्यावे. महिन्याभरात मूल स्वतः करते, आणि खुणा लावता लावताच आवर्तन म्हणजे काय हे त्याला कळते. फळ्यावर सोळा मात्रा लिहून दाखवण्यापेक्षा ही ओळख पक्की होते.

अडचण अशी की ‘म्युझिक प्लेअर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त यंत्रांत रिपीट म्हणजे एक गाणे किंवा सगळी गाणी, एवढेच. ए-बी हमखास मिळते ते डिजिटल व्हॉइस रेकॉर्डरमध्ये, कारण ही यंत्रे मुलाखती उतरवून काढणाऱ्यांसाठी आणि भाषा शिकणाऱ्यांसाठी बनतात. तुकडा पुन्हा पुन्हा ऐकणे हेच त्यांचे काम. सोनीचा आयसीडी-पीएक्स४७० हा या जातीचा ओळखीचा नमुना : आत ४ जीबी जागा, मेमरी कार्डाची खाच, साधे दोन ट्रिपल-ए सेल, छोटा स्पीकर, ए-बी रिपीट आणि पट्टी न बदलता लय कमी-जास्त करण्याची सोय. तो एम्पीथ्री फायलीही वाजवतो. दुकानात तो गाण्यांच्या यंत्रांच्या रांगेत दिसणार नाही, ऑफिसच्या सामानात शोधावा लागेल. शिकणाऱ्या मुलासाठी पहिली पसंती याच जातीला द्यावी, असे या लेखमालेचे स्पष्ट मत आहे.

रेकॉर्डर घेतला की क्लासमध्ये ध्वनिमुद्रणाचा प्रश्न येतो. गुरुजींना किंवा बाईंना आधी विचारावे. अनेक जण आनंदाने होकार देतात, काही जण फक्त शेवटची दहा मिनिटे घेऊ देतात. परवानगी मिळाली की दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, मुद्रणाचा दर्जा. स्वस्त प्लेअरमधला रेकॉर्डर बरेचदा सेकंदाला ८,००० नमुने घेतो. त्यात ४,००० हर्ट्झच्या वरचे काहीच नोंदले जात नाही, बोलणे कळते पण तानपुऱ्याची जवारी नाहीशी होते. ४४,१०० नमुन्यांचा पर्याय निवडावा. दुसरी, आवाजाची पातळी स्वतः कमी-जास्त करणारी यंत्रणा. ती चालू असली तर गाणे थांबताक्षणी तानपुरा फुगून वर येतो आणि गाणे सुरू होताच दबतो. ती बंद करता येत असेल तर करावी. यंत्र पेटीवर ठेवू नये. भात्याचा आणि पट्ट्यांचा खडखडाट सगळ्यांत आधी तेच टिपते. सतरंजीवर घडी घातलेल्या रुमालावर, शिकवणाऱ्यासमोर हातभर अंतरावर ठेवणे बरे.

याच यंत्रावर दहा मिनिटांचा तानपुराही घेऊन ठेवावा, तोही मुलाच्या पट्टीतला. आईच्या किंवा गुरुजींच्या पट्टीतल्या तानपुऱ्यावर मूल ओरडते किंवा खाली घरंगळते. घरात इलेक्ट्रॉनिक तानपुरा असेल तर प्रश्नच मिटला, नसेल तर क्लासमधल्या तानपुऱ्यावरून घेता येतो.

आता गाणी भरण्याबद्दल. तपकीर गल्लीत गेले की मेमरी कार्ड ‘भरून’ मिळते, हजारो गाणी एका दमात. मुलासाठी हे घेऊ नये. त्यातली गाणी हक्कदारांच्या परवानगीविना उतरवलेली असतात हे एक, आणि हजारांत मुलाला स्वतःचे गाणे सापडत नाही हे दुसरे. वीस-पंचवीस फायली पुरेत : क्लासमधली मुद्रणे, तानपुरा, भूप आणि दुर्गा या रागांतल्या मोठ्या गायकांच्या दोन-तीन छोट्या चिजा आणि मुलाच्या आवडीची गाणी. जागेची चिंता नको. १२८ केबीपीएसची एम्पीथ्री मिनिटाला साधारण एक एमबी घेते, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डात पाचशे तासांहून जास्त मावते. पदपथावरची फार स्वस्त कार्डे मात्र लिहिलेल्या क्षमतेची नसतात. कार्ड काठोकाठ भरून प्रत्येक फाइल वाजते का ते पाहिल्याशिवाय त्यावर क्लासचे मुद्रण ठेवू नये.

क्रमाकडे विशेष लक्ष हवे. गीतरामायणाचे उदाहरण घ्या. रामनवमीच्या दिवशी, १ एप्रिल १९५५ रोजी पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झाले. आठवड्याला एक, अशी ५६ गीते वर्षभर चालली. तो क्रम म्हणजेच कथा. ही गीते प्लेअरमध्ये टाकली की काही यंत्रे ज्या क्रमाने फायली उतरवल्या त्याच क्रमाने वाजवतात, काही नावांच्या अकारविल्हे क्रमाने, आणि राम वनवासाहून आधी परततो. उपाय असा : प्रत्येक फाइलच्या नावाआधी ०१, ०२, ०३ असे आकडे इंग्रजी अंकांत घालावेत आणि फायली त्याच क्रमाने एकेक उतरवाव्यात. आधीचे शून्य गाळले तर काही यंत्रांत दहावे गीत दुसऱ्याच्या आधी येते. नावे देवनागरीत लिहिली तर स्वस्त प्लेअरच्या पडद्यावर चौकोन उमटतात. तिथे रोमन अक्षरांचाच आधार घ्यावा लागतो, हे मराठी घरांना खटकणारे असले तरी.

आवाजाच्या मर्यादेचा सविस्तर विचार हेडफोनच्या भागात येईल, पण मुलांपुरता आकडा आताच लक्षात ठेवावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार मुलांनी आठवड्याला ४० तास ऐकायचे तर पातळी ७५ डेसिबलपर्यंत असावी. मोठ्यांसाठी हीच मर्यादा ८० आहे. पातळी तीन डेसिबलने वाढली की सुरक्षित वेळ निम्मा होतो, ७८ला २० तास, ८१ला दहा. रिक्षात किंवा स्कूलबसमध्ये बाहेरचा गोंगाट झाकण्यासाठी मूल आवाज वाढवतच जाते, म्हणून प्रवासात हेडफोन नकोच. घरी रियाजाला छोटा स्पीकर लावावा. कानांत बोळे घालून गाणाऱ्याला स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही आणि सूर वर चढतो किंवा खाली उतरतो, हे वेगळेच नुकसान.

इतर पर्यायांचे थोडक्यात. सारेगामाचा कारवां आजी-आजोबांसाठी उत्तम, शिकणाऱ्यासाठी नाही. ॲपलने आयपॉड २०२२मध्ये बंद केला. जुना मिळाला तरी त्याच्या बॅटरीचा भरवसा नाही. परदेशातले नातेवाईक टोनीबॉक्स किंवा योटो आणतात. तीन-चार वर्षांच्या मुलाला गोष्टी ऐकायला ही यंत्रे फार छान आहेत, कारण बाहुली किंवा कार्ड ठेवले की वाजते, वाचता यावे लागत नाही. रियाजाला मात्र ती अपुरी पडतात. बटणांचा साधा फोन सिमशिवाय चालत असेल तर कमी पैशांतला बरा पर्याय ठरतो, विशेषतः त्यात बीएल-५सी सारखी काढता येणारी बॅटरी असेल तर. ती गल्लोगल्ली मिळते. घरातला जुना स्मार्टफोन सगळ्यांत जास्त कामे करतो, आणि आजींनी नेमकी तीच हरकत घेतली आहे.

दुकानात जाताना स्वतःची दोन गाणी कार्डावर घेऊन जावे. ए-बी लावून पाहावे. गाणे मध्येच थांबवून यंत्र बंद करावे, पुन्हा चालू केल्यावर ते तिथूनच सुरू होते का ते बघावे. यंत्र मुलाच्या हातात देऊन, डोळे मिटून थांबव-चालू-मागे करायला सांगावे. ही तीन बटणे बोटांना सापडली नाहीत तर ते यंत्र परत ठेवावे. चार्जरवर आणि अंगच्या बॅटरीवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि ‘आर-’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का तेही वाचावे.

कोथरूडच्या नातीसाठी उत्तर असे : ए-बी रिपीट असलेला व्हॉइस रेकॉर्डर, चांगल्या कंपनीचे ३२ जीबीचे कार्ड, पुन्हा चार्ज होणाऱ्या ट्रिपल-ए सेलच्या दोन जोड्या आणि वायरने जोडता येणारा हातभर दूर ठेवण्याजोगा स्पीकर. ब्लूटूथ नसले तरी चालेल. पुढच्या आठवड्यात हेडफोन.