उरेब की सरळ?

रॅम्पच्या कडेला बसलेल्या वार्ताहराच्या हातात एक छापील कागद असतो. डिझायनरचं नाव, कलेक्शनमागची कल्पना सांगणारा एखादा परिच्छेद, कधी कापडांची यादी. दिवे मालवतात, संगीत सुरू होतं आणि पंधरा-वीस मिनिटांत तीस-चाळीस पेहराव डोळ्यांसमोरून निघून जातात. मॉडेल समोरून येते, फोटोग्राफरांच्या गर्दीपाशी क्षणभर थांबते, वळते. कपड्याची पाठ दिसते ती तेवढ्यातच. वहीकडे बघायला फुरसत नसते. नजर वर आणि हात अंधारात चालू, त्यामुळे नंतर पान उघडलं तर ओळी एकमेकींवर चढलेल्या सापडतात.

एवढ्या वेळात टिपायचं काय? रंग सगळ्यांनाच दिसतो. लिहिणाऱ्याने बघायचं ते वेगळं: मुंढा कुठे उतरलाय, घेर कळ्यांचा आहे की चुण्यांचा, अस्तर आहे की नाही, कापड सरळ बेतलंय की उरेब. उरेब कापलेलं कापड चालताना अंगाबरोबर वळतं, सरळ बेतलेलं आपला ताठा राखून असतं. थांबलेल्या फोटोत हा फरक बहुधा हरवतो. म्हणून तो शब्दांत यावा लागतो.

मुंबईत हे काम अनेक दशकं करणाऱ्या मेहेर कॅस्टेलिनो या खुर्चीवर आल्या त्या रॅम्पवरूनच. १९६४ साली ‘फेमिना’ने घेतलेल्या पहिल्या मिस इंडिया स्पर्धेत निवडल्या गेलेल्या मेहेर मिस्त्री त्या याच. त्याच वर्षी अमेरिकेत मायामी बीचला झालेल्या मिस युनिव्हर्स स्पर्धेत त्या भारतातर्फे उतरल्या. तो मुकुट ग्रीसच्या कोरिना त्सोपेईला मिळाला. मेहेर यांनी पुढे मॉडेलिंग केलं, आणि १९७३ मध्ये ‘ईव्ह्ज वीकली’त त्यांचा पहिला लेख छापून आला. मुकुटाची बातमी काही दिवसांची असते. लेखणी मात्र त्यांनी आयुष्यभर चालवली, आणि त्यांची खरी कमाई तीच, असं ठामपणे म्हणायला हवं.

त्या काळातलं फॅशनचं जग आजच्या वाचकाला ओळखू येणार नाही. डिझायनरचं नाव मिरवणारी दुकानं नव्हती. शो व्हायचे ते मुख्यतः कापडगिरण्यांचे, आणि विकायचं असायचं ते वारावर किंवा मीटरवर मिळणारं कापड. मॉडेलने अंगावर घातलेला पोशाख हा त्या कापडाचं काय काय होऊ शकतं, याचा नमुना असे. बघणारी बाई घरी जाऊन कापड घेणार आणि आपल्या शिंप्याकडे टाकणार. मासिकातलं पान कापून शिंप्यापुढे ठेवायची रीत तर कितीतरी घरांत होती. अशा वाचकासाठी लिहिताना ‘सुंदर पोशाख’ एवढ्याने भागत नाही. गळा किती खोल, बाही कुठवर, घेर कशाने आला, हे सांगितलं तरच शिंप्याची कात्री चालणार.

हा तपशील अंगावर कपडा वागवलेल्या माणसाला लवकर दिसतो. शोच्या मागच्या खोलीत एक पोशाख उतरवून दुसरा चढवायला हाताशी मोजकी मिनिटं असतात. हूक कुठे अडकतो, जरदोजीचं वजन खांदा कसा खाली ओढतं, चुण्या पावलात कुठे येतात, हे तिथे अंगालाच कळतं. प्रेक्षकांत बसून ते शिकायला वर्षं लागतील. सौंदर्यस्पर्धेतून आलेल्या मुलीला कपड्यातलं काय कळणार, असा समज अजून भेटतो. तो मुळातच चुकीचा आहे. कपड्याशी तिच्याइतकी झटापट फार थोड्यांनी केलेली असते.

शो संपल्यावर कामाचा दुसरा भाग सुरू होतो, आणि तो जास्त महत्त्वाचा. मागे जाऊन रॅकवर टांगलेला कपडा हातात घ्यायचा, उलटून बघायचा. मशरूचंच बघा. दिव्यांखाली ते रेशमासारखं चमकतं, पण आतल्या, अंगाला लागणाऱ्या बाजूला सूत असतं. लांबून पाहून ‘रेशीम’ लिहिलं की विणकराचं निम्मं कसब पुसलं गेलं. औरंगाबादच्या हिमरूतही सूत आणि रेशीम एकत्र नांदतात. हातमागावरच्या पैठणीचा पदर उलटा केला तरी नक्षी जवळजवळ तशीच नेटकी दिसते. पाठीवर धागे लोंबत असतील तर प्रश्न विचारायला हवा. हे प्रश्न डिझायनरला विचारायचे, भरतकाम कुठल्या पद्धतीचं ते खात्री करून घ्यायचं, आणि मग लिहायला बसायचं.

कॅस्टेलिनोंचं सदर देशा-परदेशांतल्या सुमारे १३० वृत्तपत्रं-नियतकालिकांत जात होतं. १९८७ साली पुरुषांच्या पेहरावावरचं त्यांचं ‘मॅनस्टाइल’ हे पुस्तक आलं. त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईत ‘आँसांब्ल’ उघडलं. एकाच छताखाली अनेक भारतीय डिझायनरांचे कपडे ठेवणारं हे आपल्याकडचं सुरुवातीचं दुकान, आणि तिथून चित्र झपाट्याने पालटलं. १९९४ मधल्या ‘फॅशन कॅलिडोस्कोप’मध्ये त्यांनी हा सगळा प्रवास नोंदवून ठेवला. गिरण्यांच्या शोंपासून डिझायनरांपर्यंतचा काळ स्वतः पाहिलेल्या व्यक्तीने लिहिलेला असा दस्तऐवज आपल्याकडे दुर्मीळ आहे.

२००६ पासून त्या लॅक्मे फॅशन वीकच्या अधिकृत लेखिका होत्या. फॅशन वीक म्हणजे ओळीने काही दिवस, दिवसाला अनेक शो. एक संपतो, पुढच्याचे पाहुणे दाराशी उभे असतात, आणि मधल्या वेळात आधीच्या कलेक्शनवरचा मजकूर तयार व्हायला हवा. कापडं कुठली, रंगांचा क्रम काय, बेत कसा, भरतकाम कुठलं. नावाजलेल्या डिझायनरच्या आणि पहिल्यांदाच कपडे दाखवणाऱ्या नवख्याच्या शोसाठी प्रश्न हेच. नवख्यासाठी तर अशी नोंद फार मोलाची. त्याचे कपडे विकले जातील न जातील, त्याने काय शिवलं होतं ते कुणीतरी धाग्यापर्यंत पाहून लिहिलेलं असतं.

मागे रॅकवरचे कपडे कव्हरात जाऊ लागलेले असतात. वार्ताहर त्यातला एक थांबवते, आतली शिवण बोटाने चाचपते आणि वहीतल्या ‘उरेब’पुढचं प्रश्नचिन्ह खोडते.