ना. धों. गेले, पाण्याचं बोलणं राहिलं

मृगाचा पाऊस झाला की शेतकरी तिफण बाहेर काढतो आणि कवी वही बाहेर काढतो, असं कुणी गमतीनं म्हणेल. पळसखेडच्या नामदेव धोंडो महानोरांच्या घरी ही दोन्ही कामं एकाच माणसाकडे होती. हा माणूस ३ ऑगस्ट २०२३ रोजी पुण्यात वारला. वय ऐंशी. पुढच्या महिन्यात एक्क्याऐंशी पूर्ण झाली असती. शेवटचा निरोप मात्र पळसखेडच्याच मातीत झाला.

ते गेले तेव्हा वर्तमानपत्रांनी 'रानकवी' गेला असं छापलं. रेडिओवर 'जैत रे जैत'ची गाणी वाजली. ते योग्यच झालं. पण खेड्यातल्या माणसानं त्यांची आठवण काढायची तर तेवढ्यावर थांबून चालणार नाही. कारण हा माणूस आधी शेतकरी होता आणि आयुष्यभर शेतकऱ्यांशी एकाच विषयावर बोलत राहिला. तो विषय म्हणजे पाणी.

कॉलेज सोडलं, औत धरलं

पळसखेडे हे सोयगाव तालुक्यातलं, अजिंठ्याच्या डोंगराखालचं गाव. मराठवाडा इथं संपतो आणि खानदेश सुरू होतो. १६ सप्टेंबर १९४२ रोजी महानोरांचा जन्म झाला तेव्हा हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. घरची परिस्थिती बेताची. शाळा गावात आणि पुढे शेंदुर्णीला झाली. कॉलेजसाठी पोरगा जळगावला गेला खरा, पण पहिल्या वर्षानंतर शिक्षण सुटलं आणि तो परत शेतावर आला.

आपल्याकडे शिकायला गेलेला पोरगा परत आला की लोक 'वाया गेला' म्हणतात. हा पोरगा परत आला आणि पंचविशीत, १९६७ साली त्याचं 'रानातल्या कविता' हे पुस्तक निघालं. मराठी कवितेत रान आधीही होतं, पण बरंचसं लांबून बघितलेलं. इथं कवितेतलं पीक लिहिणाऱ्याच्याच शेतात उभं होतं. शब्दही घरातले, बांधावरचे. खानदेशात डफावर म्हणतात त्या वहीचं नाव त्यांनी आपल्या एका कवितासंग्रहाला दिलं. गावातल्या बायाबापड्यांच्या तोंडची गाणी गोळा करून 'पळसखेडची गाणी' केली. निजामाच्या काळातलं गाव 'गांधारी' कादंबरीत आणलं.

पुढे सिनेमा आला. 'जैत रे जैत' १९७७ चा, 'सर्जा' १९८७ चा, 'एक होता विदूषक' १९९२ चा. गाणी घरोघरी गेली. लता मंगेशकरांनी त्यांची गाणी गायिली आणि महानोरांनी आपल्या मळ्यातल्या सीताफळाला 'लताफळ' असं नाव दिलं. कवीनं गायिकेचे आभार मानावेत ते कविता लिहून. शेतकऱ्यानं मानले ते फळाचं नाव ठेवून!

१९९१ साली पद्मश्री मिळाली, २००० साली 'पानझड'साठी साहित्य अकादमी, २००९ साली जनस्थान. एवढं होऊनही पत्ता बदलला नाही. मुक्काम पोस्ट पळसखेडे.

सभागृहातला शेतकरी

१९७८ साली ते राज्यपालनियुक्त आमदार म्हणून विधान परिषदेत गेले. साहित्यिक म्हणून नेमलेला माणूस सभागृहात साहित्यावर बोलेल अशी अपेक्षा असते. महानोर बोलले ते पाण्यावर, फळबागेवर आणि कोरडवाहू शेतकऱ्यावर. नुसतं बोलले नाहीत, 'शेतीसाठी पाणी' असं पुस्तकही लिहिलं. त्यांच्या कवितांवर भाषणं होतात, अभ्यास होतो. हे पुस्तक मात्र किती ग्रामपंचायतींच्या कपाटात आहे, हे ज्यानं त्यानं आपल्या गावात जाऊन बघावं.

यातला हिशेब काही अवघड नाही. एका एकरावर एक इंच पाऊस पडला तर साधारण एक लाख लिटर पाणी पडतं. उतारावरच्या रानातलं हे पाणी बरोबर माती घेऊन नाल्याला लागतं, नाल्यातून नदीला. ते बांधावर अडलं, समतल चरात मुरलं, तर खालच्या विहिरीला उतरतं. डोंगराच्या पायथ्याच्या गावाला हे कुणी शिकवायला नको. तरी दर उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारी गावं आपल्याकडे आहेतच.

त्याच वर्षी

आता जी गोष्ट सांगायची आहे ती मनाला लागणारी आहे. महानोर गेले त्या ऑगस्टमध्ये पावसानं पाठ फिरवली. १९०१ पासूनच्या नोंदी पाहिल्या तर देशातला तो सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. कपाशी माना टाकून उभी राहिली, सोयाबीनची फुलं गळली. ऑक्टोबर संपता संपता सरकारनं राज्यातले ४० तालुके दुष्काळी जाहीर केले. त्या यादीत एक नाव होतं सोयगाव.

पावसाची गाणी लिहिणारा माणूस गेला आणि दोन-तीन महिन्यांत त्याचा स्वतःचा तालुका दुष्काळाच्या यादीत आला. याला योगायोग म्हणा. पण पाऊस आपल्या हातात नसतो, पडलेला पाऊस अडवणं तेवढं असतं, हेच तर या माणसाचं म्हणणं होतं. ऐकलं असतं तर दुष्काळ टळला असता असं कुणी म्हणू नये. झळ थोडी कमी बसली असती, एवढं नक्की म्हणता येईल.

मोठा माणूस गेला की आपण शोकसभा घेतो, फोटोला हार घालतो, चौकाला नाव देतो. त्याला कुणाची ना नाही. पण महानोरांची आठवण ठेवायची तर १६ सप्टेंबरला त्यांच्या कवितांबरोबर 'शेतीसाठी पाणी'ही चावडीवर वाचावं. आणि उन्हाळ्यात, मृगाच्या आधी, गावातला एखादा फुटलेला बांध नीट करावा, बुजलेला चर उकरावा. हार दोन दिवसांत सुकतो. बांध चार पावसाळे टिकला तरी खालच्या विहिरीला कळेल की या गावानं कवीचं ऐकलं.