धरणाकाठची एक रात्र : गटाची सहल कशी आखायची?



भाताची कापणी-झोडणी उरकली, गहू-हरभऱ्याला पहिलं पाणी दिलं, की बायकांच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो. यंदा कुठेतरी जाऊ या. देवदर्शन तर आपण करतोच, पण आता बऱ्याच गटांना धरणाच्या पाण्याकाठी एक रात्र मुक्काम करायचा आहे. तंबूत नाहीतर कॅराव्हॅनमध्ये झोपायचं, सकाळी धुक्यातलं पाणी बघायचं आणि स्वयंपाकाची घाई नसलेला एक दिवस काढायचा. ही इच्छा साधीच आहे आणि ती पुरी व्हायला हवी. त्यासाठी काय काय ठरवायचं, ते आज आपण क्रमाने बघू. उदाहरणाला भंडारदरा घेऊ. तुमच्या जवळ कोयना असेल, पवना असेल, जायकवाडी असेल, तरी बहुतेक गोष्टी तिथेही लागू पडतील.

धरणाचं पाणी समजून घेऊ

अकोले तालुक्यात प्रवरा नदीवर १९२६ साली भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं. रतनगडाच्या डोंगरात उगम पावणारं प्रवरेचं पाणी भिंतीमागे अडलं आणि मोठा जलाशय तयार झाला. भिंतीच्या मागे पसरलेल्या या पाण्याला आपण फुगवटा म्हणतो. भिंतीच्या खालच्या बाजूला नदी पुन्हा नदीसारखी वाहते.

मुक्कामाच्या जागेचा सगळा विचार या दोन बाजूंवरून करायचा. भिंतीच्या खाली नदीपात्रात कधीही तळ टाकू नये. वरून शेतीचं आवर्तन सुटतं, विजेसाठी पाणी सुटतं, पावसाळ्यात दरवाजे उघडतात. तुमच्यावर स्वच्छ ऊन असलं तरी घाटमाथ्यावर पडलेल्या पावसाचं पाणी खाली येतं. पाण्याचा भोंगा वाजला तर विचार करत बसायचं नाही, सामान तिथेच टाकून वर चढायचं.

फुगवट्याच्या बाजूलाही जागा बघून घ्यावी लागते. काठावरच्या खडकांवर एक फिकट पट्टा दिसतो. धरण भरतं तेव्हा पाणी तिथपर्यंत येतं. तंबू किंवा गाडी त्या रेघेच्या चांगली वर हवी. रेघेखालची जमीन वरून वाळलेली, भेगा पडलेली दिसते, पण आत गाळ असतो. जड गाडी तिथे रुतते आणि माणूसही गुडघ्यापर्यंत फसतो.

ऋतूचं उत्तरही यातच आहे. जून ते सप्टेंबर धरणं भरत असतात, तेव्हा काठावर मुक्काम नको. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याजवळ भुशी धरणाच्या मागच्या ओढ्यात अचानक लोंढा आला आणि सहलीला आलेल्या एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. मे अखेरीस काजवे बघायला भंडारदऱ्याला गर्दी होते, पण तेव्हा वळवाचा पाऊस आणि विजा कधीही येतात. गटासाठी सर्वात चांगले महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पाणी भरपूर असतं आणि हळूहळू ओसरत असतं, आकाश मोकळं असतं. थंडी मात्र कडक पडते. पौर्णिमेच्या आसपासची रात्र निवडली तर उजेडाचीही सोय होते.

गाडी कोणती?

कॅराव्हॅन म्हणजे चाकांवरचं घर. आत झोपायच्या जागा, छोटा ओटा, संडास, स्वच्छ पाण्याची एक टाकी आणि सांडपाण्याची दुसरी टाकी असते. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणल्यापासून अशा गाड्या भाड्याने मिळण्याची चर्चा वाढली आहे. पण साधारण गाडीत चार ते सहा जणीच झोपू शकतात. बारा जणींच्या गटाला ती पुरत नाही. आजी, सासूबाई, गुडघे दुखणाऱ्या मैत्रिणी यांच्यासाठी एक कॅराव्हॅन आणि बाकीच्यांसाठी तंबू, असं करता येतं. नाहीतर सतरा आसनांची टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन सगळ्यांनीच तंबूत किंवा गावातल्या घरी राहायचं. सर्वात स्वस्त मार्ग म्हणजे राजूरपर्यंत एसटी, तिथून पुढे जीप. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहेच. दोन-तीन गट मिळून जाणार असाल तर आगारात प्रासंगिक कराराची चौकशी करा, म्हणजे अख्खी बस ठरवता येते.

खासगी गाडी ठरवताना पहिल्यांदा नंबरप्लेट बघा. भाड्याच्या गाडीला पिवळी पाटी असते. पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका, कारण अपघात झाला तर विम्याचे पैसे मिळताना अडचण येते. मग हे प्रश्न विचारा : दिवसाला कमीत कमी किती किलोमीटरचे पैसे लावणार? टोल, पार्किंग आणि चालकाचा भत्ता त्यातच आहे की वेगळा? चालक रात्री कुठे झोपणार? रात्रभर जागलेल्या चालकाच्या हातात सकाळचा घाट देऊ नये. भाव आणि अटी कागदावर लिहून घ्या.

भंडारदऱ्याच्या जलाशयाभोवतीचा रस्ता अरुंद आणि वळणांचा आहे. उंच गाडी असेल तर शेंडी गावातच लावा आणि रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर बघायला छोट्या गाडीने जा.

जागेची परवानगी

धरणाचा काठ मोकळा दिसला तरी तो बेवारस नसतो. काही जमीन जलसंपदा खात्याची, काही वनखात्याची, काही गावकऱ्यांच्या मालकीची असते. रतनवाडी, साम्रद, घाटघर हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. तिथे नाक्यावर शुल्क भरावं लागतं आणि जंगलात जाळ करायला बंदी आहे. म्हणून मालकीच्या जागेत, गावातल्या माणसाकडे आधी बोलून मुक्काम ठरवावा आणि पावती घ्यावी. जेवण तिथल्याच बायकांना सांगावं. नाचणीची भाकरी आणि गरम पिठलं आयतं मिळतं, आपली सुट्टी खरी होते आणि पैसे आपल्यासारख्याच एखाद्या घरात जातात.

पाणी, संडास आणि पाळी

सहलीला यायला बायका कचरतात त्या बहुतेक याच कारणांनी. म्हणून हे मोकळेपणाने बोलून घ्या.

पिण्याचं पाणी माणशी दिवसाला तीन लिटर धरा. बारा जणी, दोन दिवस, म्हणजे ७२ लिटर. वीस लिटरचे चार जार पुरतात. कॅराव्हॅनच्या टाकीतलं पाणी हात-भांडी धुण्यापुरतं, ते पिऊ नये.

जागा ठरवताना संडास आहे का, दाराला आतून कडी आहे का आणि रात्री दिवा असतो का, हे फोनवरच विचारा. रात्री एकटीने जायचं नाही. दोघींनी बॅटरी घेऊन, पायात बूट घालून जायचं. या भागात बिबट्याचा वावर आहे, म्हणून खरकटं तंबूजवळ ठेवू नका. त्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या.

कोणाची पाळी आली तर? तिने यावंच. चार पॅड, जुनं वर्तमानपत्र आणि झाकणाचा एक डबा गटाच्या सामानात ठेवा. वापरलेले पॅड गुंडाळून डब्यात घालायचे आणि परत न्यायचे. पाण्यात किंवा झुडपात टाकायचे नाहीत. साबणाचं पाणी, गाडीच्या टाकीतलं सांडपाणीही जलाशयात सोडायचं नाही. हेच पाणी खाली संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरच्या शेतांना जातं आणि कित्येक गावांच्या नळालाही येतं.

जीवावर बेतणाऱ्या दोन गोष्टी

पहिली, पाण्यात उतरणं. धरणाचा काठ तळ्यासारखा हळूहळू खोल होत नाही. दोन पावलांवर जमीन संपते. ओली साडी पायात गुंडाळते आणि पोहता येणारीही अडकते. पाय धुवायचेच असतील तर तांब्याने पाणी बाहेर घेऊन धुवा. कोणी बुडायला लागली तर तिच्यामागे उडी मारू नका. एक बुडताना वाचवायला दुसरी, मग तिसरी, असे कितीतरी जीव गेले आहेत. काठावर पालथं पडून काठी पुढे करा, किंवा झाकण लावलेला रिकामा कॅन दोरीला बांधून फेका. दोरी नसेल तर दोन साड्या बांधा. दोरी आणि कॅन मुक्कामावर पोचल्याबरोबर बाहेर काढून ठेवा.

दुसरी, बंद जागेतली शेगडी. थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी तंबूत किंवा गाडीत घेतात. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो, रंग नसतो. झोपेतच माणूस जातो. गाडीचं इंजिन चालू ठेवून झोपणंही तितकंच धोक्याचं. ऊब हवी तर जास्तीची गोधडी, कानटोपी आणि पायमोजे घ्या. गॅसची टाकी सोबत असेल तर गाडी चालू असताना आणि झोपताना रेग्युलेटर बंद हवा.

डोंगरात फोनला रेंज जाते. म्हणून १०८ रुग्णवाहिका, ११२ पोलीस, जागामालक आणि चालक यांचे नंबर कागदावर लिहून दोघींकडे ठेवा. जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठे आहे, ते पोचल्यावर पहिल्यांदा विचारा. साप चावला तर ब्लेड नको, मांत्रिक नको, थेट रुग्णालय. बीपी-साखरेच्या गोळ्या एक दिवस जास्तीच्या घ्या.

पैशाची वही वेगळी

सहलीसाठी बचतीच्या किंवा अंतर्गत कर्जाच्या पैशाला हात लावू नका. बैठकीत ठराव करून वेगळी वही घाला. बारा जणींनी दरमहा शंभर रुपये दहा महिने टाकले तर बारा हजार जमतात. त्यातले दीड-दोन हजार अडीअडचणीला बाजूला ठेवा आणि उरलेल्यात बसेल तीच गाडी आणि तोच मुक्काम ठरवा. परत आल्यावर पहिल्या बैठकीत हिशेब वाचून दाखवा.

घरून परवानगी मिळण्याचा प्रश्न असतो, तोही याच तयारीने सुटतो. कुठे जाणार, कोणाच्या गाडीने, कुठे झोपणार आणि कधी परतणार, हे लिहिलेला कागद घरात दिला, की नाही म्हणायला कारण उरत नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, येत्या बैठकीत कामं वाटून घ्या. एकीकडे गाडी, एकीकडे जागा, एकीकडे औषधं आणि नंबर, एकीकडे वही. जिला अजून गावाबाहेर एक रात्रही राहायला मिळालेलं नाही, तिचं नाव यादीत पहिलं लिहा.